उरलेल्या सहा दिवसांच्या गोळ्या

मुलांनो, घसा बरा वाटला म्हणून धाकटीच्या गोळ्या मधेच बंद केल्या, असं तुम्ही काल फोनवर सांगितलंत, म्हणून आज हे लिहिते आहे. पूर्वी एकदा मीही असाच निर्णय दिला होता. त्या हिवाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई फुलंब्रीहून पहिल्या एसटीनं आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. मुलगी ओट्याखाली शालीत गुरफटून बसे आणि थुंकी गिळतानाही डोळे घट्ट मिटून घेई. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप गेला. "बाई, पोरगी गोळी थुकून देती, अन् आता तर खेळाया लागली. द्यायच्या का अजून?" तिनं विचारलं. अँटिबायोटिकच्या अतिवापराबद्दल मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. मी म्हटलं, "बरी झाली ना? मग बास." "तुमी शिकल्याल्या, तुमाला डागदरापेक्षा जास्त कळतं," ती हसून म्हणाली. तीन आठवड्यांनी मुलीचे गुडघे सुजले आणि तिला दम लागू लागला. घशातले जंतू पुरते मेले नव्हते, त्यातूनच हृदयाची झडप बिघडली, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी माफी मागितली, तेव्हा पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" त्यानंतर तिनं मला कधीही सल्ला विचारला नाही. ती मुलगी आज शाळेत शिकवते, घशाचे ते जंतू पुन्हा लागू नयेत म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते, आणि एक जिना चढायला तिला दोनदा थांबावं लागतं.