यशोधराचं नेट आणि घरातली वंदना

आज भावजींवर ओरडले. वाईट वाटत नाही, म्हणूनच लिहून ठेवते.

यशोधरा माझी धाकटी जाऊ. माहेर मोरिवली, वडील कारखान्यात, घरात कॉलेजला गेलेली ही पहिलीच. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात ते हेडफोन लावून ऐकायचं, लॅपटॉपवर टाईप करायचं आणि नेटवरून पाठवायचं, हे तिचं काम. घरी बसून करते, म्हणून घरात कुणाला ते काम वाटतच नाही. कुकरची शिट्टी झाली की हिनेच उठायचं.

आमच्याकडे दिवेलागणीला बुद्धवंदना. मामंजींचा नियम कडक: टीव्ही बंद, मोबाईल बंद, लॅपटॉपचं झाकण खाली. मलाही तेच आवडतं. पण वंदना झाल्यावर हिने झाकण उघडलं की नेट गायब. बाकी सगळं जागं, नेट तेवढं मेलेलं. बंद करून परत चालू करेपर्यंत फाइलला उशीर. कंपनीने बजावलंय, आता उशीर झाला तर काम बंद.

तिचा नवरा, म्हणजे नरेंद्र भावजी, लॅपटॉप उल्हासनगरच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथला मेला दुकानदार म्हणाला, "विंडोज करप्ट है, साब." सगळं पुसून टाकलं. हिने जपून ठेवलेली औषधांची नावं गेली, नेटचं रडगाणं तसंच. मग म्हणे राउटर बदला. बदलला. तरी तेच.

आज वंदनेनंतर पुन्हा नेट नाही. भावजी म्हणाले, "सोड ना ते काम. तुला चालवताच येत नाही."

यशोधरा म्हणाली, "मामंजी कर्जतला गेले होते तेव्हाही वंदना झाली. झाकण लावायची आठवण कुणी करून दिली नाही, उघडंच राहिलं. तेव्हा नेट गेलं का एकदा तरी?"

"म्हणजे आता वंदनेला नावं ठेवणार?"

माझं डोकंच फिरलं. "भावजी, ती झाकणाबद्दल बोलतेय! वंदना मी म्हणते, तुम्ही मागे बसून मोबाईलवर स्कोर बघता. आम्हाला काय धर्म शिकवता?"

मामंजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. भावजींनी मोबाईल खिशात सरकवला.

तेवढ्यात यशोधराने कंपनीतल्या सोनियाला फोन लावला. झाकणाचं ऐकताच ती म्हणाली, "अगं, झाकण लावलं की वीज वाचवायला नेट पकडणारं वायरलेसचं कार्डपण झोपतं. लॅपटॉप उठतो, तुझं कार्ड उठत नाहीये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, त्या कार्डाचं पॉवर मॅनेजमेंट उघड, 'वीज वाचवायला हे बंद करू दे' असं लिहिलेल्यापुढे टिक असेल, ती काढ."

हिने टिक काढली, लॅपटॉप एकदा बंद करून चालू केला. मग झाकण लावलं, उघडलं. नेट होतं. विश्वास बसेना म्हणून परत लावलं, परत उघडलं. होतंच. लगेच फाइल पाठवली. कंपनीचं उत्तर आलं: मिळाली, पुढची पाठवतो.

भावजी हसत म्हणाले, "एवढंसंच होतं होय!"

तेव्हा कुठे यशोधरा रडली, संतापाने. "ताई, आज काम सुटलं असतं ना, तर नेटमुळे नाही, ह्यांच्यामुळे सुटलं असतं."

भावजी समोरच उभे होते. मी तिला गप्प केलं नाही.