साडूभाऊंची कवळी आणि विचारू सिस्टर

हाडांच्या वॉर्डातल्या त्या सिस्टरला सगळे ‘विचारू सिस्टर’ म्हणत. विचारल्याशिवाय बाई कुणाला हात लावायची नाही. सुई कुठल्या दंडात टोचू? अंग आत्ता पुसू, की चहा झाल्यावर? उशी उंच हवी, की बसकी? एक पैलवान वैतागून म्हणाला, “मला मुळीच टोचू नका!” ही स्टूल ओढून शेजारी बसली. “बरं. नाही टोचलं तर काय होईल ते ऐका, मग ठरवा.” पैलवानानं ऐकलं, घाम पुसला आणि डोळे घट्ट मिटून स्वतःच दंड पुढे केला.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मी त्याला म्हटलं, “भाग्यवान आहात हो!”

“कसलं भाग्य? तिचं सगळं विचारणं ड्यूटीवरच संपतं. घरी आली की थेट हुकूम.”

तर आमचे साडूभाऊ, म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. धंद्यानं शिंपी. दुकानात कापडाचा तागा काढायला स्टुलावर चढले, ते खुब्याचं हाड मोडूनच खाली आले. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर जाताजाता म्हणाले, “कवळी काढून ठेवा बरं का.” झालं! साडूभाऊंनी चादर गळ्यापर्यंत ओढली. “ऑपरेशन रद्द!”

“त्यांचं काय ऐकता सिस्टर?” त्यांचा मुलगा म्हणाला. “बाबांना काय कळतंय, काढून टाका.”

“हाड कुणाचं मोडलंय?”

“बाबांचं.”

“आणि तोंड कुणाचं?”

“बाबांचंच.”

“मग तुम्ही जरा चहा पिऊन या.”

तो गेल्यावर साडूभाऊ पुटपुटले, “आमच्या हिनं मला बिनदातांचं कधी पाहिलेलं नाही. दिवा मालवला की काढतो, ती उठायच्या आत बसवतो.”

मी असा हसलो, की पलीकडचा प्लास्टरवाला दचकून जागा झाला. सिस्टर मात्र हसली नाही. “कवळी काढावीच लागेल. गुंगीत घशात सरकली तर जिवावर बेतेल. तिथं तुमचं-माझं काही चालायचं नाही. पण कुठं काढायची, कुणी बघायचं आणि परत कधी बसवायची, ते तुम्ही सांगा.”

भारी सुटाचं कापड बेतावं तसे साडूभाऊ विचारात पडले. शेवटी ठरलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागल्यावर काढायची, डबी सिस्टरनं सांभाळायची आणि दात तोंडात बसेपर्यंत बायकोला आत सोडायचं नाही.

ऑपरेशन छान झालं. मी आणि मेहुणीबाई अर्धवट उघड्या दाराशी उभे. आतून सिस्टरचा आवाज आला, “ताईंना बोलावू का?”

“हो... आणि दोन बटणं जाश्त लावा...”

सिस्टर दारात आली. “ते अजून शर्ट शिवतायत. झोपेतला होकार मी धरत नाही. थांबावं लागेल.”

मेहुणीबाई भडकल्या. “अहो, लग्नाची बायको आहे मी! नवऱ्याला बघायला तुमची परवानगी?”

“माझी नाही ताई, त्यांची.”

मग त्यांनी सगळ्या दवाखान्याचा उद्धार केला. बराच वेळ केला. आणि मध्येच त्यांना रडू फुटलं. “निदान एवढं तरी सांगा, बरे आहेत ना ते?” “अगदी बरे आहेत,” म्हणत सिस्टर आत वळली.

आत साडूभाऊ आता चांगले जागे झाले होते. कुठं आहात, काय झालंय, सिस्टरनं विचारलेलं सगळं त्यांनी नीट सांगितलं. सिस्टरनं डबी त्यांच्या हातात दिली. “आधी दात, की आधी ताई?”

डबीचं झाकण उघडलं. पुन्हा लागलं.

“तिला बोलवा.”

“नक्की?”

“नक्की. रडतेय ती.”

मेहुणीबाई तीरासारख्या आत घुसल्या आणि जागच्या जागी थबकल्या. साडूभाऊ लाजून हसले, तशी हनुवटी नाकाला भिडली.

“अगंबाई!” मेहुणीबाईंच्या तोंडून निघालं, “हुबेहूब सासूबाई!”

आणि मघापासून सगळा दवाखाना डोक्यावर घेतलेली ती बाई दोन पावलं मागं सरली. आवाज एकदम खाली आला. “आपल्याला... काही हवंय का?”

साडूभाऊ बघतच राहिले. आयुष्यात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी अंदाज घेत म्हटलं, “उशी उंच कर.”

उशी ताबडतोब उंच झाली.

तेव्हा साडूभाऊंनी बोटानं खूण करून सिस्टरला जवळ बोलावलं. “शिश्टर, कवळी पुढच्या आठवड्यात बशवली तर चालेल का हो?”

“दात तुमचे,” सिस्टर म्हणाली. “ठरवा.”