पुस्तकात नव्हतं ते मी वाचलं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. एकदा-दोनदा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी चहाचं विचारून मोकळी झाले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. बँकेनं ह्यांची बदली केली आणि आम्ही नाशिकहून सुरतला आलो. घर तिथल्या डिंडोली भागात घेतलं, कारण तिथे मराठी कानावर पडायचं. गल्लीत बहुतेक खानदेशातली माणसं. पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जायचे, बायका घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या, टिकल्या चिकटवायच्या. मला मूल नव्हतं, गुजराती येत नव्हतं. दुपार अंगावर यायची.

मराठी मंडळाच्या एका कपाटात थोडी पुस्तकं होती. ती आणून मी ओट्यावर वाचत बसायची. एकदा शेजारची सिंधू म्हणाली, ‘‘मोठ्यानं वाचा ना ताई. हात कामले लागेल शेतस, कान ते मोकळाच शेतस.’’

मी वाचलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, मग पाच-सहा. साड्यांचे ढीग घेऊन त्या माझ्या ओट्यावर बसायला लागल्या. मी गप्प झाले की सगळ्यांचे हात थांबायचे. तुमच्या आवाजाची अशी वाट कुणी कधी पाहिली आहे? मला त्याची चटक लागली — हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

त्यांच्यात सिंधू वेगळी. बाकीच्या ऐकायच्या, ही भांडायची. नायिकेशी, लेखकाशी, माझ्याशीसुद्धा. ‘‘ती अशी गप का बसनी?’’ म्हणून मला थांबवायची. मला कधी सुचले नसते असे प्रश्न. खरं सांगू? मी लहानपणापासून वाचत होते, पण वाचलेल्याचा विचार करायला मला तिनं लावलं. रात्री जेवताना मी तिच्याच प्रश्नांना मनात उत्तरं देत असायची.

तिचा नवरा भिवंडीला गेला होता, तो तिकडचाच झाला होता. खरं सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. अशात भेस्तानच्या एका शिलाईच्या कारखान्यात तिला काम मिळत होतं. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. सासू नको म्हणत होती. सिंधूचं ठरत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हा आम्ही एक कादंबरी वाचत होतो — नवऱ्यानं टाकलेल्या बाईची. तिला एका छापखान्यात काम मिळतं, जावं की नाही या विचारात ती असते, इथपर्यंत आलो होतो. सिंधूच्या हातातली कात्री थांबली. ‘‘जास का ती?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, उद्या कळेल.

रात्री मी पुढचं वाचून काढलं. ती बाई कामावर जाते. हाल होतात, पण उभी राहते. पुस्तक मिटलं आणि माझ्या मनात आलं ते एवढंच — सिंधू भेस्तानला गेली, तर दुपारी माझ्याशी भांडायला कोण येणार?

दुसऱ्या दिवशी पान उघडं ठेवून, ओळींवरून डोळे फिरवत, मी दुसरंच वाचलं. त्या बाईनं काम नाकारलं, ती सासूजवळ राहिली, वर्षभरानं नवरा पस्तावून परत आला. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. दोघी रडल्या. सिंधू रडली नाही. ती हातातल्या साडीचे धागे कापत राहिली.

कामाला ती गेली नाही.

एका पुस्तकामुळे कुणी असं ठरवतं का? सासू होती, लोकलाज होती, पोटातली भीती होती. असेलही. पण मी माझं खोटं त्या पारड्यात टाकायला नको होतं, आणि मी टाकलं — समजून, उमजून.

थांबा. मला सांगायचं आहे ते हेही नाही. ते याच्याहून वाईट आहे.

काही महिन्यांनी सिंधू एकटीच आली. हात रिकामे. म्हणाली, ‘‘ताई, माले वाचाले शिकाडा.’’

‘‘मी वाचतेच की तुझ्यासाठी,’’ मी हसून म्हटलं.

‘‘तुम्ही वाचतस, ते पुढे पयी जास. माले मधमा थांबनं ऱ्हास. पुस्तक हातमा ऱ्हायनं, ते मी थांबसू, इचार करसू, मंग पुढे जासू.’’

ऐकताना ते पुढे पळून जातं, आणि विचार करायला थांबावं लागतं. वाचन म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिला मिठी मारायला हवी होती. मी काय म्हटलं? ‘‘आता या वयात डोक्यात शिरत नाही गं. अक्षरं लहानपणीच बसतात.’’

ती पंचविशीची होती!

मला त्या कादंबरीची भीती वाटली. सिंधू वाचायला शिकेल, तेच पुस्तक मागेल, तेच पान उघडेल. म्हणून एका शहाण्या बाईला मी सांगितलं की तुझं डोकं चालणार नाही. तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं — मी शिकलेली होते ना.

दोन वर्षं तिनं तो विश्वास ठेवला. मग काय झालं, ते मला उशिरा कळलं. बाजारात जाता-येता ती दुकानांच्या पाट्या न्याहाळायची. बटाट्याच्या दुकानावरचा ब, कापडाच्या दुकानावरचा क. अक्षरं गुजराती, पण तिला काय त्याचं? एका पाटीवरची खूण दुसऱ्या पाटीवर सापडली की ती मनाशी बसवायची. बसची पाटी वाचता यायला लागल्यावर तिनं मराठी कॅलेंडर समोर धरलं. मला सांगताना तिचे डोळे चमकत होते: ‘‘काही नही ताई, बरीच अक्षरं तीच! वर रेघ मारी दिनी, का व्हयनं मराठी!’’

मग ती मंडळात गेली, आणि कपाटातून नेमकं तेच पुस्तक काढलं.

महिनाभर ती ते वाचत होती. एका दुपारी ती आली, पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. ‘‘ताई, यामा ती कामले जास.’’

आता तरी खरं सांगायचं? दार उघडं होतं, घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, ‘‘ही दुसरी आवृत्ती असेल. पुन्हा छापताना लेखक बदल करतात कधी कधी.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं का? मला आजही सांगता येत नाही. ती सावकाश म्हणाली, ‘‘म्हंजे लिखेल बदलता येस?’’

‘‘येतं,’’ मी म्हटलं.

‘‘मंग बरं शे.’’

पुढच्याच आठवड्यात ती भेस्तानला कामावर लागली. पुढे तिथल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत अक्षरं शिकवू लागली. वय झालेल्या बायकांनाही. माझ्या ओट्यावरची बैठक मोडली. आणि दुपारच्या त्या शांततेत मी पहिल्यांदा स्वतः लिहायला बसले. खोटं वाचताना जे सहज सुचत होतं, ते कागदावर येईना. तोंडानं उडवून देता येतं. लिहिलेलं मात्र आपल्याकडे बघत बसतं. ‘मला सिंधूची काळजी होती’ असं मी एकदा लिहिलं, आणि ते वाक्य मला वाचवेना. खोडलं. कितीतरी वर्षं असं लिहीत-खोडत, आज हे एवढं उभं राहिलं आहे.

सिंधू आता सुरतच्या बाहेर कामरेजला राहते. तिच्या घरी पुस्तकांची भिंत आहे म्हणतात, मी पाहिलेली नाही. उद्या सकाळच्या बसनं मी हे कागद घेऊन तिच्याकडे जाणार आहे. वाचून दाखवणार नाही. तिच्या हातात देईन आणि समोर बसेन.