टायरला लावलेला गेरू

वाळूजच्या नव्या कारखान्यात पगार बरा मिळायला लागला आणि मी एक जुनी, दोनच जणांची स्पोर्ट्स कार घेतली. ती रुबाबदार दिसावी म्हणून मुंबईहून रुंद चाकं आणि टायर मागवले. मडगार्डच्या आतल्या जागेचं माप मी स्वतः घेतलं होतं. इंजिनिअर होतो ना, कुणाचं ऐकतो!

पडेगावच्या मिस्त्रीनं ते बसवले. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात शहर दोन दिवस बंद राहिलं आणि गाडी त्याच्याकडंच अडकली. तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो, तर हा किल्लीच देईना.

“माप रिकाम्या गाडीचं घेतलंय तुम्ही, साहेब. दोघं बसून वळवून बघा.”

मी जाम चिडलो. त्याच्या घरी मेंढरं होती. त्यांच्या पाठीवर खुणेला लावायचा गेरू त्यानं पाण्यात कालवला आणि टायरच्या कडांना फासला. चकरेपुरती किल्ली घेऊन आम्ही दौलताबादच्या रस्त्यानं जाऊन आलो. त्यानं मडगार्डच्या आतून बोट फिरवलं. बोट लाल झालं. टायर पत्र्याला घासत होता. वेगात असतो तर फाटलाच असता.

पत्र्याची ती कड त्यानं दुपारभर ठोकून आत वळवली. लाल पुसून पुन्हा गेरू, पुन्हा चक्कर. बोट स्वच्छ निघालं, तेव्हाच गाडी घरी न्यायला किल्ली पुढं केली.

पुढं तान्ह्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं ते त्याच गाडीतून. त्या माणसाचे उपकार आजही आठवतात. त्या दिवशी मात्र किल्ली हिसकून घेत मी एवढंच म्हणालो होतो, “किती उशीर केलास!”