योबेरचं तुळतुळीत डोकं

योबेर पहिल्यांदा विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या माझ्या काढ्याच्या गाडीवर आला तेव्हा त्याचं डोकं तुळतुळीत होतं. आमच्या हुआंकायो शहरात विद्यापीठात नंबर लागला की मित्र, मामा, चुलते भर रस्त्यात धरून पोराचे केस भादरतात, आणि पोरं ते डोकं महिनाभर मिरवत हिंडतात. हा मात्र टोपी कानापर्यंत ओढून उभा. मी म्हटलं, "अरे, नंबर लागलाय की फाशीची शिक्षा?"

तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. नंबर लागलाच नव्हता. निकाल बघून घरी जायची हिंमत होईना, म्हणून डोकं भादरून गावी गेला. आईनं, सातुर्निनानं, काही विचारलंच नाही. डोकं पाहिलं आणि मेंढी कापली. सगळं गाव जेवलं. मग तिनंच त्याला शहराच्या बसमध्ये बसवून दिलं.

आता करणार काय? सकाळच्या गर्दीत तो फाटकातून आत घुसायचा आणि मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. हजेरी सुरू झाली की मान खाली घालून बसायचा. दुपारी बाजारात बटाट्याची पोती उचलायचा. "आईला सांगून मोकळा हो," असं मी किती वेळा कानीकपाळी ओरडले. "सांगतो ना मावशी," म्हणायचा आणि पेला ठेवून सटकायचा.

इथं लुसमेरी नावाची एक तोंडाळ मुलगी शिकते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी इंटरनेटवर एक पान काढलंय. कॉलेजातले अनुभव पोरं फोनवर रेकॉर्ड करतात, फोटो जोडतात आणि तिथं टाकतात. कुणाचं प्रेम, कुणाचं खाणावळीतलं भांडण. योबेरनंही, पानावर नाव न टाकता, लुसमेरीकडे एक गोष्ट दिली, फाटकावरच्या रखवालदाराला भिणाऱ्या मुलाची. मग दुसरी, हजेरीला भिणाऱ्या मुलाची. पोरं हसून लोळली. त्यांना वाटलं, काय भन्नाट सोंग काढतो! माझ्या मात्र ऐकताना अंगावर काटा यायचा. त्यातली भीती तसूभरही खोटी नव्हती.

आणि गेल्या गुरुवारी सातुर्निना न कळवता येऊन थडकली. डोक्यावर हॅट, पाठीवर गाठोडं, गाठोड्यात उकडलेले बटाटे. योबेर माझ्या गाडीशीच उभा होता. तिला पाहून तो पांढराफटक पडला.

"चल, तुझा वर्ग दाखव मला," ती म्हणाली.

"आई, आज... आज बाहेरच्यांना सोडत नाहीत."

"का? मी काय चोर आहे?"

तेवढ्यात लुसमेरी काढा प्यायला आली. "तुम्ही याच्या आई? अहो काकू, आमच्या पानावर याच्याच गोष्टी सगळ्यात जास्त ऐकतात! तुम्ही पण बोला ना काहीतरी." आणि तिनं फोन पुढे धरलासुद्धा.

सातुर्निना लाजली, हॅट सारखी केली आणि सुरूच झाली. "मी सातुर्निना. योबेर माझा मुलगा. तो ह्या विद्यापीठात शिकतोय. आमच्या गावातला पहिलाच. गावाकडच्या शेजारणीबाई, ऐकतेस ना? तुझ्या पोरीलाही पाठव. माझा योबेर सगळं बघेल तिचं."

"झकास!" लुसमेरी म्हणाली. "संध्याकाळी टाकते. अख्खं कॉलेज ऐकेल."

रखवालदार हाकेच्या अंतरावर उभा. आता योबेर पळणार, असं मला वाटलं. पळाला असता तर पुन्हा दिसला नसता, ना मला, ना तिला. काढ्याचा डाव हातात तसाच धरून मी उभी राहिले.

"थांब," तो लुसमेरीला म्हणाला. "आईच्या आधी माझं थोडं जोड."

त्यानं फोन घेतला आणि आईकडे पाठ केली. तिच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून त्यानं फोनला सांगितलं. "मी योबेर. रखवालदाराला भिणारा मुलगा मीच. ती गंमत नव्हती. माझा नंबर लागला नाही. मी इथं शिकत नाही. आईनं मेंढी कापली, आणि मी..." एवढं बोलून त्यानं फोन परत दिला.

लुसमेरी आ वासून बघत राहिली. फाटकावरून रखवालदारानंही मान वळवली. सातुर्निना बटाटे काढायला गाठोडं सोडत होती, तिचा हात गाठीवरच थांबला. मला भीती वाटली, ही आता त्याच्या कानाखाली वाजवणार, नाहीतर एक शब्द न बोलता बस पकडणार.

ती त्याच्या समोर आली. त्याची टोपी काढली. बोटभर वाढलेल्या केसांवरून हात फिरवला.

"मग हे कापले कुणी?"

"मीच."

"मामा नव्हता? मित्र?"

"कुणी नव्हतं. खोलीत, आरशात बघून."

"एकट्यानं?" ती म्हणाली, आणि तिथंच फुटपाथवर बसून रडायला लागली.