आईंनी मोकळा केलेला रस्ता

माझ्या सासूबाई, नीलांबरी, पुण्यात आयुष्यभर सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून हिंडल्या. सासरे गेल्यावर २०१२ मध्ये त्या आमच्याकडे परदेशी, माउंट रॉस्किलला आल्या, तेव्हा साठीला टेकल्या होत्या. मी आणि माझा नवरा शुभंकर दिवसभर ऑफिसात. एकदा त्यांनी विचारलं, "मैत्रेयी, समुद्राकाठच्या त्या मोठ्या पार्कात बस का गं जात नाही?"

"तिथं गाडीनंच जावं लागतं, आई."

"मग मी गाडी शिकते."

शुभंकर हसला. त्या हसल्या नाहीत.

पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टला नापास झाल्या. घरी येऊन चहा केला आणि मला म्हणाल्या, "रविवारी न्यू लिनच्या मॉलपाशी चल. दुकानं उघडायच्या आत पार्किंग रिकामं असतं." तिथं त्या गाडी मागे घेत राहायच्या, मी शेजारी जीव मुठीत धरून. दुसऱ्या खेपेला पास झाल्या.

पुढे माणसं बसवून न्यायची मुभा देणारं फुल लायसन्स मिळालं आणि इथं मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना आई पार्कांत नेऊ लागल्या. मग सगळे त्यांनाच फोन करायचे. गवतावर गाडी लावली तर चालते का? गेट कधी बंद होतं? कुत्रा नेला तर? ठाऊक नसलं तर आई आधी स्वतः जाऊन पाटी वाचून यायच्या.

२०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाची पिकनिक अशाच एका पार्कात होती. कार पार्क भरलेलं, म्हणून उशिरा आलेल्यांनी उताराच्या अरुंद रस्त्यावरच गाड्या लावल्या. जेवणं चालली असताना मंडळातले दीनानाथकाका छातीला हात लावून खाली बसले. त्यांची मुलगी कौमुदी नर्स. तिनं त्यांना आडवं केलं, मी १११ला फोन करून अँब्युलन्स मागवली.

आई मात्र रस्त्याकडे बघत होत्या. "अगं, अँब्युलन्स येणार कुठून?"

पदर खोचून त्या पळाल्याच. "ज्यांच्या गाड्या वर आहेत त्यांनी चला! आत्ता!" भरल्या ताटांवरून माणसं उठली. एकेक गाडी हलली. शेवटी वळणावर मंडळातल्याच सुलेखाची मोठी व्हॅन राहिली. पुढं झाड, बाजूला दरी. सुलेखा आतूनच म्हणाली, "काकू, मला रिव्हर्स नाही जमायचं."

"उतर. किल्ली दे."

मान मागे वळवून, हळूहळू, आईंनी ती व्हॅन वळणावरून उलटी वर नेली आणि फाटकाबाहेर उभी केली. त्या उतरतात न उतरतात तोच सायरन ऐकू आला. अँब्युलन्स न थांबता थेट खाली काकांपाशी पोहोचली.

काका वाचले. हॉस्पिटलातून कौमुदीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. काकूंना सांग." मी फोन आईंकडे दिला. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाबांना बरं वाटलं की मीच नेईन त्यांना फिरायला."

शुभंकर त्यांच्या पाया पडला. पुढच्या रविवारी सुलेखा व्हॅन घेऊन दारात हजर. आईंनी तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि खिडकीतून मला म्हणाल्या, "कुकर लावून ठेव गं. आम्हाला वेळ लागेल."