मागच्या दारापुढचं कपाट

जुन्या स्कूलबसचं आमी फिरतं घर केलं, तेव्हा इथं टाकलेले फोटो बघून तुम्ही लई कौतुक केलंत. आता हेही वाचा.

आज सकाळी जळकोटजवळ चहा ठेवताना पुढच्या दाराशी गॅसच्या नळीनं पेट घेतला. आई मागं झोपली होती. मी बाहेर उडी मारली, मागं पळालो आणि तिकडचं दार उघडलं. समोर कपाटाची पाठ. ते मीच ठोकलेलं. खिडक्यांना शाळेच्या वेळचे गज तसेच होते.

मिस्त्री सलीमभाई तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, ते दार मोकळं ठेवा." मी म्हणालो, "मग भांडी कुठं ठेवू?"

कपाट तोडेपर्यंत आईचे दोन्ही हात भाजले. सोलापूरच्या दवाखान्यातून लिहितोय.

तुम्हाला सगळ्यात आवडलेला फोटो त्याच दाराचा होता. त्यावरची लाल अक्षरं मी हौसेनं राखली होती: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.